पहिले विमान कोणते घ्यावे?

शाळांना सुट्या लागल्या की ओळखीचे पालक मला एक प्रश्न हटकून विचारतात. "सर, मुलाला रिमोटचं विमान हवंय. पहिलंवहिलं कुठलं घ्यावं?" वास्तविक मी विज्ञानाचा माणूस नव्हे. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. परंतु गेली काही वर्षे रविवारची सकाळ मी या छंदात घालवतो, आणि त्यात पुष्कळ विमाने मोडली आहेत. एवढ्या भांडवलावर लोक मला जाणकार समजतात. व्यापारात बुडालेल्या माणसाचा सल्ला कधी कधी उपयोगी पडतो, त्यातलाच हा प्रकार. तेव्हा तोच प्रश्न घेऊन आज तुमच्याशी थोडे बोलावे म्हणतो.

आधी माझ्या स्वतःच्या पहिल्या विमानाची हकिगत सांगतो. ते लढाऊ विमानाच्या घाटाचे होते. पंख पोटाखाली, रंग राखाडी, नाकावर रंगवलेले दात. मुलाला आवडले, आणि खरे सांगायचे तर त्याच्यापेक्षा मला अधिक आवडले. एका रविवारी डोंबिवलीत घराजवळच्या मैदानावर मुलाने ते हातातून सोडले. ते वर गेले, कलले, आणि वळून थेट आमच्याच दिशेने येऊ लागले. मी त्याला माझ्या उजवीकडे न्यायला दांडी उजवीकडे दाबली, तर ते डावीकडे गेले! मैदानाच्या कडेला बाकावर एक आजोबा वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांच्यापासून चार पावलांवर विमानाने नाक जमिनीत खुपसले. सगळे उड्डाण मिळून दहा सेकंदही झाली नसतील. आजोबांनी पेपर खाली केला आणि शांतपणे विचारले, "हे असंच उतरतं का?"

मी काय उत्तर देणार? मुलगा तुकडे गोळा करीत होता. विमानाची किंमत मी आठवडाभरात विसरलो, पण ती चार पावले मात्र अजून विसरलेलो नाही.

चूक कोणाची होती? दुकानदाराची नव्हे, विमानाचीही नव्हे. ते विमान चांगलेच होते. ज्याला उडवता येते त्याच्यासाठी चांगले होते. मला विचार करायला जेवढा वेळ लागत होता, तेवढा वेळ ते देत नव्हते, एवढेच. म्हणून पहिल्या विमानाची कसोटी मी एकाच वाक्यात सांगतो: जे विमान तुम्हाला विचार करायला वेळ देते, ते पहिले विमान. बाकी रंग, घाट, वेग हे सगळे नंतरचे.

आता हा वेळ मिळतो कसा, ते पाहू. पहिली गोष्ट म्हणजे वजन आणि पंखांचे क्षेत्रफळ यांचा मेळ. समजा, विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत १२० सेंटिमीटर लांब आणि १८ सेंटिमीटर रुंद आहेत. क्षेत्रफळ झाले २,१६० चौरस सेंटिमीटर. बॅटरी धरून वजन ७०० ग्रॅम असेल, तर तळहाताएवढ्या, म्हणजे १० बाय १० सेंटिमीटरच्या, प्रत्येक चौकोनावर सुमारे ३२ ग्रॅमचा भार आला. असे विमान ताशी २४-२५ किलोमीटर इतक्या कमी वेगातही हवेत तग धरते. जोरात सायकल मारणाऱ्या माणसाचा हा वेग. आता पंख तेवढेच ठेवून वजन दुप्पट करा. तोच किमान वेग ताशी ३४ वर जातो. त्याहून हळू उडवू पाहाल तर पंखांची पकड सुटते आणि विमान दगडासारखे खाली येते. नवशिक्या माणूस उतरताना नेमका घाबरून वेग कमी करतो, आणि तिथेच घात होतो. म्हणून खोक्यावरची चित्रे पाहण्याआधी वजन आणि पंखांचे माप वाचा. मघाच्या चौकोनामागे भार ४० ग्रॅमच्या आत असेल तर मोठ्या विमानात ते बरे समजावे.

दुसरी गोष्ट, विमानाने स्वतःचा तोल स्वतः सावरला पाहिजे. यासाठी पंख अंगाच्या वर बसवलेले असावेत आणि त्यांची टोके किंचित वर उचललेली असावीत; समोरून पाहिले तर अगदी पसरट 'व्ही' दिसला पाहिजे. यात जादू काही नाही. विमान एका अंगाला कलले की ते त्या बाजूला थोडे घसरते. घसरताना खालच्या पंखाला समोरून येणारी हवा अधिक कोनात मिळते, त्याची उचल वाढते, आणि विमान आपोआप सरळ होऊ लागते. तुम्ही गोंधळलात, दांड्यांवरचा हात सैल सोडलात, तरी पुरेशी उंची असेल तर ते सावरते. लढाऊ विमानाच्या घाटाला हा गुण मुद्दामच दिलेला नसतो. त्याला कलायचेच असते. ते बिचारे त्याचे काम करते.

हल्ली तोल सांभाळणारे जायरोचे इलेक्ट्रॉनिक यंत्रही पहिल्या विमानात बसवलेले मिळते. ते जरूर घ्यावे. मात्र ती कुबडी आहे हे ध्यानात ठेवावे. मुळात अडेल असलेले विमान जायरोने गरीब होत नाही. शिवाय उंचावर, जाणकार शेजारी असताना, ते अधूनमधून बंद करून उडवावे, नाहीतर हात कधी तयारच होत नाही.

तिसरी गोष्ट दुरुस्तीची. पहिले विमान पडणार. माझे पडले, तुमचेही पडेल. मग निदान ते जेवणाच्या टेबलावर जोडता यावे. पूर्वी ही विमाने बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाची करीत. ती उडतात सुरेख, पण पडली तर पंधरा दिवस दुरुस्तीत जातात. आता ईपीओ नावाचा चिवट फोम मिळतो. तो वाकतो, दबतो आणि तुटलाच तर झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडता येतो. हाच गोंद साध्या थर्माकोलला लावाल तर थर्माकोल विरघळून भोक पडते; तिथे पांढरा गोंद किंवा दोन नळ्यांचा एपॉक्सी वापरावा. प्रोपेलर नाकावर नसून पंखांच्या मागे असलेली विमानेही मिळतात. ती नाकावर पडली तर प्रोपेलर वाचतो, आणि समोर कोणी आले तर त्याचे बोट वाचते. घेतानाच दोन-तीन जादा प्रोपेलर घ्यावेत, आणि त्याच विमानाचा नुसता पंख किंवा शेपूट सुटे मिळते का, हे दुकानदाराला विचारावे. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर विमानाची खरी किंमत खोक्यावर नसते. पहिल्या सहा महिन्यांत तुम्ही किती सुटे भाग घेता, ती खरी किंमत.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे ठीक, पण उडवायचे कुठे? खरे म्हणजे निवडीची सुरुवात इथूनच व्हायला हवी. ठाणे, कल्याण, डोंबिवली ही काही मोकळ्या माळरानाची गावे नव्हेत. मघाचे ७०० ग्रॅमचे विमान सहज चालीने सेकंदाला १२ मीटर जाते. शंभर मीटरचे मैदान ते आठ सेकंदांत ओलांडते. पुढे कोणाची गच्ची, कोणाची बाल्कनी, नाहीतर रस्ता. म्हणून गावातल्या मैदानासाठी ते विमान नव्हेच.

तेव्हा दोन मार्ग. वस्तीतल्या मैदानावरच उडवायचे असेल, तर वीतभर पंखांचे, ५०-६० ग्रॅमचे फोमचे चिमुकले विमान घ्या. मैदानाची परवानगी घ्या, सकाळी सातच्या आत जा, आणि मुले क्रिकेटला आली की खाली उतरवा. अशा विमानाला वारा मात्र सोसत नाही. पान हलले तरी ते भरकटते. दुसरा मार्ग म्हणजे मीटरभर किंवा थोड्या अधिक पंखांचे विमान घ्यायचे आणि टिटवाळ्याच्या पुढे किंवा मुरबाडच्या वाटेला भातशेतांकडे जायचे. भात कापून झाला की खाचरे वाळतात आणि पावसाळ्यापर्यंत पुष्कळ शेते मोकळी असतात. मोकळी दिसली तरी ती कोणाची तरी असतात. एखाद्या खाचरात वाल पेरलेला असतो, तो तुडवू नये. मालकाला विचारावे, बहुधा तो नुसता हो म्हणत नाही, बघायला येऊन उभा राहतो. जमल्यास आधी मोकळ्या हातांनी जाऊन जागा पाहून यावी. बांधावरची झाडे, विहीर, आणि मुख्य म्हणजे विजेच्या तारा कुठे आहेत ते बघावे. पडघ्याच्या उपकेंद्राकडे जाणाऱ्या उच्च दाबाच्या तारा या भागात बऱ्याच ठिकाणी डोक्यावरून जातात. रेल्वेच्या तारांत २५,००० व्होल्टचा दाब असतो. विमान तारेत अडकले तर ते गेले असे समजावे. काठीने काढायला जाऊ नये आणि मुलांना जाऊ देऊ नये. शंभर विमाने पुन्हा घेता येतील.

कल्याणजवळ नेवाळीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात केलेली धावपट्टी आहे. विमानवेड्या माणसाला तिचा मोह होणारच. पण तिथे जाऊ नये. ती जमीन संरक्षण खात्याने घेतलेली, आणि तिच्यासाठी जून २०१७ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांचे मोठे आंदोलन झाले. जिथे लोकांच्या जमिनीचा जिव्हाळ्याचा प्रश्न आहे, तिथे आपण खेळ मांडणे शोभत नाही. येऊरचे जंगल राष्ट्रीय उद्यानात मोडते, तेही वर्ज्य. कोलशेतला वायुदलाचे ठाणे आहे, अंबरनाथला आयुध निर्माणी आहे. या परिसरांपासून दूरच राहावे.

कायद्याचेही दोन शब्द सांगतो. केंद्र सरकारच्या २०२१ च्या ड्रोन नियमांत चार पंख्यांचे यंत्र तेवढेच येते अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी नाही. पंखांचे मानवरहित विमानही त्यात येते. २५० ग्रॅमपर्यंतचे 'नॅनो', त्यापुढे २ किलोपर्यंतचे 'मायक्रो' अशी वजनावर वर्गवारी आहे. सरकारने 'डिजिटल स्काय' नावाचा आकाशाचा नकाशा केला आहे. त्यात हिरवा, पिवळा आणि लाल असे पट्टे आहेत. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंतची हवा मोकळी. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या भागात ती २०० फुटांपर्यंतच. लाल पट्ट्यात सरकारी परवानगीशिवाय काही उडवायचे नाही. मुंबईचा विमानतळ ठाण्यापासून सरळ रेषेत पंधराएक किलोमीटरवर आहे, आणि २०२५ च्या अखेरीस नवी मुंबईचाही सुरू झाला, हे विसरू नये. शिवाय पोलीस वेळोवेळी मनाई हुकूम काढतात. मुंबईत ते वरचेवर निघतात. आपल्याकडे तसा हुकूम चालू आहे का, हे जवळच्या पोलीस ठाण्यात विचारून घ्यावे. नियम बदलत असतात. नोंदणीचे आणि परवान्याचे काय, ते खरेदीच्या आधी वाचावे, नंतर नव्हे.

आता रेडिओ. या छंदात हातातल्या रिमोटला रेडिओच म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. निकोला टेस्ला याने १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये बिनतारी लहरींनी चालणारी छोटी होडी लोकांना दाखवली, तेव्हापासूनची ही विद्या. आकाशवाणीची मध्यम लहर शेकडो मीटर लांबीची असते आणि ती घराघरांत सगळ्यांसाठी जाते. आपल्या रिमोटची लहर २.४ गिगाहर्ट्झची, म्हणजे लांबीने जेमतेम साडेबारा सेंटिमीटर, अर्ध्या वितीएवढी. ती एकाच विमानाशी बोलते. पूर्वीच्या संचांत दोघांची लहर एक झाली की एकाचे विमान दुसऱ्याच्या हुकमाने पडे. आता रिमोट आणि विमान यांची आधी जोडी लावून दिलेली असते, त्यामुळे ती भीती पुष्कळ कमी झाली. पण इमारती या लहरीला अडवतात. विमान इमारतीआड गेले की नजरेतूनही गेले आणि हुकमातूनही गेले.

रेडिओ घेताना हात आखडता घेऊ नये. विमाने येतात नि जातात, रेडिओ राहतो. वेग, सुकाणू आणि शेपटीची आडवी झडप, एवढ्या तीन गोष्टी हाताळता आल्या तरी पहिले विमान उडते. पंखांच्या कडेच्या झडपा ही चौथी. तरी रेडिओ सहा चॅनेलचा घेतला तर पुढची दोन-तीन विमाने त्यावरच निघतात. खोक्यावर 'रेडी टू फ्लाय' लिहिले असेल तर आत बहुधा सारे काही असते. 'बाइंड अँड फ्लाय' म्हणजे रिमोट तुमचा. उरलेल्या प्रकारांत काय काय वेगळे घ्यावे लागेल ते दुकानदाराकडून कागदावर लिहून घ्या. वेगाची दांडी डाव्या हाताला की उजव्या, यावरून मंडळी वाद घालतात. वाद घालू नका. तुम्हाला जो शिकवणार, त्याच्या रिमोटसारखा घ्या, म्हणजे अडचणीत त्याला तो हातात घेता येईल.

बॅटरीबद्दल मात्र मी जरा कडक बोलतो. या लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या वजनाला हलक्या आणि ताकदीला जबर असतात, पण त्या रागीट आहेत. एका घराचा दाब पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. साडेतीनच्या खाली जाऊ देऊ नये. १,३०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी १.३ अँपिअरनेच भरावी, घाई करू नये. विमान सरासरी ८ अँपिअर ओढत असेल आणि बॅटरीचा पाचवा हिस्सा राखून ठेवायचा असेल, तर साडेसात-पावणेआठ मिनिटे उडते. घड्याळ लावून सहा मिनिटांनी उतरवावे. आपली घरे लहान. रात्री बॅटरी भरायला लावून झोपू नये. लादीवर, मातीच्या कुंडीत ठेवून, समोर बसून भरावी. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये, आणि मे महिन्याच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत तर कुठलीच ठेवू नये.

एवढे सगळे झाले तरी लगेच उडवायला जाऊ नका. आधी थर्माकोलचे साधे हातफेकीचे विमान आणा. नाकाला नाणे चिकटवत, काढत, ते सरळ तरंगेपर्यंत खटपट करा. तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून पाव ते एक तृतीयांश रुंदीवर असावा, म्हणजे १८ सेंटिमीटरच्या पंखाला साडेचार ते सहा सेंटिमीटरवर, हे तिथे बोटांना कळते. मग पावसाळ्याचे चार महिने संगणकावर सराव करा. तिथे शंभर विमाने पाडा, फुकट आहे. विमान आपल्याकडे येताना डावे-उजवे उलटते, ज्याने मला फसवले, तेही तिथेच शिका. त्याची युक्ती सोपी आहे: जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्या बाजूला दांडी न्या, जणू त्या पंखाला खालून आधार देत आहात. आणि कॉलेजात एनसीसीचे हवाई पथक असेल तर तिथे चौकशी करा. त्यांच्या शिक्षणात विमानांच्या प्रतिकृती करणे आणि उडवणे असते, आणि शिकवणारा शेजारी उभा असणे हे कुठल्याही जायरोपेक्षा मोलाचे.

पहिला दिवस डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळचा निवडा. दुपारनंतर समुद्राकडचा पश्चिमेचा वारा सुटतो. सेकंदाला १० मीटर जाणाऱ्या विमानाला ५ मीटरचा वारा लागला, तर वाऱ्यासमोर ते ५ ने सरपटते आणि वाऱ्याबरोबर १५ ने धावते. नवख्याला तो हिशेब जमत नाही. सोडताना आणि उतरवताना तोंड नेहमी वाऱ्याकडे. सूर्य पाठीशी. आणि माणसे सगळी आपल्या मागे.

आमच्या घरी दुसरे विमान आले ते असेच. वर पंख असलेले, पांढऱ्या फोमचे, दिसायला अगदी सामान्य. मुलगा थोडा हिरमुसला होता. त्या हिवाळ्यात टिटवाळ्याच्या पुढे एका खाचरात त्याने ते एकट्याने उतरवले. विमान बांधावरून हळूहळू खाली आले, वाळलेल्या धसकटांवरून खरखरत गेले आणि थांबले. शेतमालक बांधावर उभे होते. त्यांनी विचारले, "झालं?" मुलगा म्हणाला, "झालं." मला बाकावरच्या आजोबांचा प्रश्न आठवला. त्यांना उत्तर द्यायचे राहून गेले आहे. ते भेटले तर सांगेन, की नाही हो, ते असंही उतरतं.